तुझे केस सरळ झाले त्या वर्षी

आई, माझे केस सरळ व्हायला लागले आहेत. दुसऱ्या कुणाला हे सांगितलं तर म्हणतील, मग बरंच झालं की. तुला कळेल, म्हणून तुला लिहिते आहे. कानामागची ती बट, जी तू लहानपणी बोटाला गुंडाळून सोडायचीस आणि जी पुन्हा जागच्या जागी वर जाऊन बसायची, ती आता ओली असो की कोरडी, नुसती खाली लोंबते. आधी वाटलं पाण्यामुळे असेल. गाझियाबादचं आमचं पाणी तू पाहिलं नाहीस, पण आपल्या दिल्लीतल्या द्वारकेच्या बोअरिंगच्या पाण्याचा सख्खा भाऊ समज. मग वाटलं, वय आहे. मग एका रविवारी हॉस्टेलवरून घरी आलेली तुझी नात जेवताना माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मम्मा, तू स्ट्रेटनिंग केलंस? आणि मला सांगितलं पण नाहीस, यार!" मी हसले, तिला भात वाढला. हात धुवायला उठले ती बेसिनवरच्या आरशासमोर नळ सोडून उभीच राहिले.

तुझे केस म्हणजे आपल्या सरकारी क्वार्टरमधली करमणूक होती. न्हाऊन तू गॅलरीत उन्हाला बसायचीस आणि ऑफिसला निघालेले बाबा म्हणायचे, "जरा हलत राहा, नाहीतर चिमण्या घरटं करतील." तू म्हणायचीस, "करू देत, तुमच्यापेक्षा गप्पा तरी मारतील." वेंगुर्ल्याहून कुणी आलं की खोबरेलाची बाटली यायची. दिल्लीच्या थंडीत ते थिजून पांढरं व्हायचं, म्हणून भात शिजत असताना तू बाटली पातेल्याच्या झाकणावर टेकवून ठेवायचीस. मला अजून भाताच्या वाफेत खोबरेलाचा वास येतो. मी पाटावर बसलेली आहे, तू मागे बसून त्या रुंद दातांच्या लाकडी फणीने टोकांकडून वर वर गुंता सोडवत येते आहेस, आणि मी ओरडले की म्हणते आहेस, "ओरडू नकोस. मी पण हे मागून घेतले नव्हते. माझ्या आईने मला दिले, मी तुला दिले. पुढे तू बघ काय ते." पहाडगंजच्या शाळेत जाताना तू माझ्या दोन वेण्या इतक्या घट्ट घालायचीस की डोळे ताणले जायचे, आणि तरी मधल्या सुट्टीपर्यंत कपाळाभोवती बारीक स्प्रिंगा सुटलेल्या असायच्या. क्वार्टरमधली मुलं मला नूडल्स म्हणायची. तेव्हा नुकतीच केबल आली होती, आणि प्रत्येक जाहिरातीत कुणीतरी मान वळवली की केस पाण्यासारखे एका बाजूने दुसऱ्या बाजूला वाहायचे. आपल्या दोघींचे केस मान वळवली तरी जागेवरून हलायचे नाहीत. तू टीव्हीकडे बघत शेंगा सोलायचीस आणि म्हणायचीस, "हिचे केस आहेत की पडदा?" पण बघायचीस.

बाबांच्या निवृत्तीच्या थोडं आधी द्वारकेच्या फ्लॅटचा ताबा मिळाला. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. मेट्रो यायची होती, समोरच्या सेक्टरमध्ये नुसते खांब आणि वाळूचे ढीग होते, पाण्याचा टँकर आला की सगळी सोसायटी बादल्या घेऊन खाली उतरायची. त्या टँकरच्या रांगेतच समोरच्या दारातल्या आंटी तुझ्या मैत्रीण झाल्या. मोठ्या आवाजाच्या, मोठ्या मनाच्या, दर सहा महिन्यांनी काहीतरी नवीन विकणाऱ्या. त्या वर्षी त्या कुठल्याशा हॉटेलातल्या मीटिंगला जाऊन आल्या होत्या, जिथे टायवाल्या माणसाने सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या होत्या, आणि येताना हिरव्या कॅप्सूलची पांढरी डबी घेऊन आल्या होत्या. "भाभीजी, यह दवाई नहीं है," त्या आपल्या सोफ्यावर मांडी घालून सांगत होत्या. "यह तो फूड है, फूड. समुंदर की घास. बाल, नाखून, जोड़, सब." तू झाकण उघडलंस, नाकाशी नेलंस, आणि एकदम हसत सुटलीस. "अगं, ही तर ओहोटीची घाण!" हे तू मला मराठीत म्हणालीस. आंटी घाबरल्या. "क्यों, ख़राब हो गई है क्या?" तू म्हणालीस, "नहीं नहीं बहनजी, एकदम असली है." ओहोटीला खडकांवरचं शेवाळ उघडं पडतं, त्याचा तो वास. समुद्रापासून इतक्या दूर, टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या त्या फ्लॅटमध्ये तो तुला एका डबीत सापडला. तू ती पहिली डबी वासासाठीच घेतलीस असं मला आजही वाटतं. पुढच्या डब्या वेगळ्या कारणासाठी घेतल्यास.

केस बदलायला किती दिवस लागले ते मला सांगता येणार नाही. बदलत असताना ते दिसतच नाहीत, हे मला आता स्वतःवरून कळतं. आठवतं ते इतकंच, की दिवाळीनंतर कधीतरी तुझा अंबाडा सैल पडायला लागला, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तू वेणी घातली होतीस. एक सरळ, लांब, निमुळती वेणी. दिल्लीभर पांगलेल्या तुझ्या मराठी मैत्रिणी बस बदलत बदलत त्या दिवशी आल्या होत्या, आणि दारातच थबकत होत्या. "अगं, हे काय केलंस?" "पार्लरला गेलीस की काय?" आंटी खास आल्या होत्या, साडी नेसून. त्यांनी तुला खांद्याला धरून खोलीच्या मधोमध उभं केलं. "देखो जी, देखो! घुंघराले थे कि नहीं? थे! अब देखो! हाथ लगाके देखो!" आणि सगळ्यांनी एकेक करून तुझ्या वेणीवरून हात फिरवला. तू हळद लावत होतीस, कुंकू लावत होतीस, तिळगूळ देत होतीस आणि लाजत होतीस. त्या वर्षी वाण म्हणून तू वाट्या किंवा चमचे दिले नाहीस. छोट्या पाकिटांत हिरव्या गोळ्या दिल्यास. एका काकूंनी पाकीट उलटंसुलटं करून विचारलं, "हे पदरात घ्यायचं की पाण्याबरोबर?" सगळ्या हसल्या, तू सगळ्यात जास्त. दिल्लीत आल्यापासून तू कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई किंवा 'वो महाराष्ट्रवाली भाभी' होतीस. त्या दिवशी लोक तुझ्याकडे तुझ्यासाठी बघत होते. मी कोपऱ्यात बसून तिळाचे लाडू मोडत होते आणि मला आनंद झाला नव्हता. का, ते तेव्हा कळलं नाही. आपण दोघी आता एकसारख्या दिसत नव्हतो, बहुतेक इतकंच असेल.

बाकीचं सगळं समोर घडत होतं आणि प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण होतं. मार्चमध्ये तू शाल पांघरून बसायचीस. द्वारका मोकळं आहे, वारा फार. चेहरा सुजल्यासारखा दिसायचा. दुपारी झोपलीस म्हणून. आवाज जड झाला, धूळ. जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबायचीस. लिफ्ट बसली की थांबणार नाहीस. आंटींच्या टायवाल्या माणसाने तर शिकवूनच ठेवलं होतं की आधी शरीर साफ होतं, तेव्हा थोडा थकवा येतो, उलट आला तर चांगलं. त्यामुळे तू थकलीस की आंटी खूश व्हायच्या. "असर हो रहा है, भाभीजी!" आणि तू एक गोळी वाढवायचीस.

शेवटी बाबांनी तुला सरकारी डिस्पेन्सरीत पाठवलं, माझ्यासोबत. बाकावर तासभर बसून नंबर आला. डॉक्टर बाई थकलेल्या होत्या पण चांगल्या होत्या. त्यांनी तुझी जीभ पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, "कोई दवाई चल रही है? रोज़ की कोई गोली?" तू मान हलवलीस. "नहीं जी, कुछ नहीं." किती सहज, आई. पर्समध्ये डबी होती, मला दिसत होती. त्यांनी रक्तवाढीच्या लाल गोळ्या लिहून दिल्या आणि पुढचा नंबर पुकारला. परत येताना बसमध्ये मी म्हटलं, "हिरव्या गोळ्यांचं का नाही सांगितलंस?" तू खिडकीबाहेर बघत होतीस. "त्यांनी औषधाचं विचारलं. ते औषध आहे का? ते खाणं आहे. उद्या आमटी खाल्ली तेही सांगू का?" मी म्हटलं, "आमटी खाऊन केस सरळ होत नाहीत." तेव्हा तू माझ्याकडे वळलीस. इतकं कठोर तू मला आधी कधी बोलली नव्हतीस. "माझं काहीतरी चांगलं झालं, ते तुला बघवत नाही." आपला सेक्टर आला तेही आपल्याला कळलं नाही. कंडक्टरने ओरडून सांगितल्यावर उतरलो. रात्री तू माझ्या ताटात न मागता लिंबाचं लोणचं वाढलंस, म्हणजे भांडण संपलं.

मला नोकरी लागली आणि मी वर्तमानपत्राच्या कामासाठी दुसऱ्या शहरात निघाले तेव्हा तू माझ्या बॅगेत दोन गोष्टी टाकल्यास. एक डबी, जी मी कधी उघडली नाही. आणि ती लाकडी फणी. "तूच ठेव," तू म्हणालीस. "मला आता लागत नाही." मग माझा हात धरून आपल्या केसांत घातलास, टाळूपासून थेट टोकापर्यंत. "बघ, बोटं अडकतच नाहीत." खरंच अडकली नाहीत. केस कोरडे होते, हलके, जुन्या दोऱ्यासारखे, आणि हात बाहेर काढला तेव्हा काही केस हातातच आले. तू ते पाहिलं नाहीस, किंवा पाहिलंस आणि पुढच्या वाक्यावर गेलीस. ती फणी आत्ता माझ्यासमोर आहे. तिचा एक दात कोपऱ्यात तुटला आहे, तो बहुधा माझ्याच डोक्यात तुटला असेल.

तुझं थायरॉइडचं निदान झालं ते हृदयाच्या डॉक्टरांकडे. पायांवर सूज आली, दम लागायला लागला, तेव्हा. त्यांनी विचारलं, किती दिवसांपासून इतकी थंडी वाजते? बाबा म्हणाले, हिला थंडी वाजतेच, ही कोकणातली आहे. त्यानंतर तू औषधं नीट घेतलीस, हे मला माहीत आहे. पण हृदयाने फार वाट पाहिली नाही. तू गेलीस त्यानंतर मी त्या डॉक्टरांना भेटून समुद्री शेवाळाच्या गोळ्यांबद्दल विचारलं. ते म्हणाले, त्यात आयोडीन असतं, फार झालं तर थायरॉइड बिघडू शकतो. त्याने केस बदलू शकतात. पण तुमच्या आईंचा त्याच्यामुळेच बिघडला असं कुणी सांगू शकणार नाही. या वयाच्या बायकांमध्ये तो असाही बिघडतो. "हो भी सकता है, नहीं भी." हे वाक्य मी इतकी वर्षं सांभाळते आहे. कधी त्याचा पहिला भाग घट्ट धरते, कधी दुसरा. समोरच्या आंटी तेराव्याला माझा हात हातात घेऊन रडत होत्या. "हम तो साथ-साथ खाते थे, बेटा. एक ही डिब्बी से." त्या आजही आहेत. परवा एका लग्नात भेटल्या. ऐंशीच्या घरात, पांढरेशुभ्र दाट केस, आणि तोच आवाज. मला त्यांचा राग यायला हवा होता. मी वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या केसांकडे बघत राहिले. त्यांच्या बाबतीत 'नहीं भी'. मग तुझ्या बाबतीत काय?

माझे केस बदलण्याआधीच्या सुट्टीत तुझ्या नातीने हॉस्टेलमधून येताना एक बरणी आणली होती. आता गोळ्या नसतात, आई. लाल रंगाच्या, चघळायच्या, अस्वलाच्या आकाराच्या वड्या असतात, स्ट्रॉबेरीच्या चवीच्या. केसांसाठी. आत बायोटिन. मी तिला खूप बोलले. तुझी गोष्ट पुन्हा सांगितली, तिला ती पाठ आहे. ती शांतपणे म्हणाली, "मम्मा, हे मेडिसिन नाहीये. कँडी आहे बेसिकली." ते वाक्य तिला कुणी शिकवलं? तुला ती भेटलीही नाही. तिचे केस तुझेच आहेत, तुझे आधीचे, आणि तिला ते सरळ नको आहेत, फक्त दाट हवे आहेत. तिच्या मैत्रिणी कुरळे केस मुद्दाम मिरवतात. काळ असा उलटला आहे, आणि बरणी मात्र तीच आहे. ती परत गेली तेव्हा मी दटावलं म्हणून बरणी इथेच सोडून गेली.

मग माझी बट लोंबायला लागली, आणि मी तेच केलं जे करायला हवं होतं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी थायरॉइडची तपासणी सांगितली, आणि सकाळी लॅबची मुलगी घरी रक्त घ्यायला आली. हसतमुख, घाईत, खांद्याला निळी पेटी. दंडाला पट्टा बांधता बांधता तिने विचारलं, "मैम, कोई दवाई? बालों के लिए कुछ, बायोटिन वगैरह? पूछना पड़ता है, उससे रिपोर्ट ग़लत आ जाती है." आणि मी म्हणाले, "नहीं जी, कुछ नहीं."

नंतर कितीतरी वेळ मी तो आवाज आठवत होते. तो तुझा होता. त्यातला 'जी'सुद्धा तुझा. कारण खरं काय आहे ते तुला सांगते: केस बदलायला लागल्यापासून रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की मी त्या बरणीतून दोन अस्वलं काढून खात होते. उभ्या उभ्या, ओट्याशी. घरात दुसरं कुणी नसताना झाकण मात्र आवाज न करता लावत होते. विचारशील तर माझ्याकडे कारण नाही. भीती वाटत होती, आणि भीती वाटली की आपल्या घरात काहीतरी खायचं असतं. मुलगी सुईवर कापूस दाबत होती तेव्हाही मला सांगता आलं असतं. तोंडात शब्द आले होते, आणि ते होते, वो कोई दवाई थोड़ी है.

रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टर फोनवर म्हणाले, निश्चिंत राहा, वयाने केसांचा पोत बदलतो. मी धन्यवाद म्हणाले. त्या रिपोर्टवर विश्वास ठेवायचा नाही हे फक्त मला माहीत आहे, आणि विश्वास ठेवणं किती सोपं आहे हेही. शाल पांघरली की कारण तयारच असतं. आमचा मजला वरचा आहे, वारा फार. गेल्या आठवड्यात मी खरोखरच हे वाक्य मोठ्याने म्हणाले. मग बरणी केराच्या डब्यात टाकली, आणि लेकीला फोन करून सांगितलं की तुझी अस्वलं मी खाल्ली. पलीकडे ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "तू? मम्मा, तू?" आणि मग हसणं थांबवून, हळू आवाजात, "मग टेस्ट परत करायला हवी ना?" मी म्हटलं, हो. लॅबला मी पुन्हा फोन केला आहे. त्यांनी मधे काही दिवस जाऊ द्यायला सांगितले होते, ते गेले. उद्या सकाळी तीच मुलगी येणार आहे. ती तोच प्रश्न विचारेल आणि मला या वेळी सगळं सांगायचं आहे, किती खाल्ली, कधीपासून, कधी बंद केली. मग जे येईल ते येईल. सकाळपासून स्वयंपाकघरात मी तिला द्यायचं उत्तर हिंदीत म्हणून बघते आहे, शाळेतल्या कवितेसारखं.

हे लिहून झाल्यावर सवयीने पाकीट काढलं आणि त्यावर हात द्वारकेचाच पत्ता लिहू लागला. तिथे आता भाडेकरू राहतात, भले लोक आहेत, त्यांनी उघडलं तर उगाच घाबरतील. म्हणून हे इथेच राहील, फणीखाली.

एक सांगायचं राहिलं. काल न्हाऊन आले, गॅलरीत उन्हाला उभी राहिले आणि केसांतून हात फिरवला, टाळूपासून थेट टोकापर्यंत. बोटं कुठेच अडकली नाहीत. आणि आई, क्षणभर मला फार छान वाटलं.